गॅलरी आत घेण्यासाठी एफडी मोडू नका

मुलुंड पूर्वेच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. १९८९ सालच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ४६५ चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके, कर्ज फिटलेलं. यजमान ५६ वर्षांचे, खासगी कंपनीत, ५८ ला निवृत्त होणार. मुलगा नोकरीला लागलाय, वर्षा-दीड वर्षात त्याच्या लग्नाचं बघायचंय आणि त्याआधी घर एकदाचं नीट करून घ्यायचंय. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन १४ लाखांचं. एफडी १२ लाखांच्या. त्यातल्या ७ लाखांच्या मोडायच्या आणि ७ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी घ्यायचं, असा बेत आहे. घरखर्च महिना ६० हजार, तो वजा जाता ४० हजार उरतात. सोसायटीने पुनर्विकासाच्या फिजिबिलिटी रिपोर्टसाठी, म्हणजे पुनर्विकास जमेल-परवडेल का हे तपासायला, सल्लागार नेमलाय. परवानगीचं विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "घरातल्या घरात काम, कसली परवानगी? अख्खी मुंबई करते." ताईंना एवढंच हवंय: एफडी जास्त मोडू की कर्ज जास्त घेऊ?

ताई, नमस्कार.

पैसे कुठून आणायचे ते शेवटी बघू. तुमच्या कोटेशनमध्ये चार ओळी आहेत: किचनची भिंत पाडून ओटा गॅलरीत नेणं आणि फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा कुंड्यांसाठीचा कट्टा) हॉलमध्ये घेणं, ४.६० लाख; बाथरूम, संडास, प्लंबिंग आणि वायरिंग, ३.६० लाख; लाद्या, रंग आणि फॉल्स सीलिंग, २.८० लाख; फर्निचर ३ लाख. कॉन्ट्रॅक्टरने सगळ्यांची बेरीज करून एक आकडा दिला आणि तुम्ही त्या आकड्यासाठी पैसे शोधायला लागलात. मी आधी पहिली ओळ खोडेन.

महापालिकेच्या लेखी काही कामं साधी दुरुस्ती धरली जातात. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात, कलम ३४२ मध्ये, त्यांची यादीच आहे: गिलावा, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, विजेची फिटिंग बदलणं. यांना पालिकेची परवानगी लागत नाही. म्हणजे तुमची दुसरी आणि तिसरी ओळ बहुतेक सगळी मोकळी. पण घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळईला हात लावणं, माळा किंवा पोटमाळा वाढवणं, जमीन खाली घेणं, हे त्या यादीतून स्पष्टपणे वगळलंय. तिथे आर्किटेक्टमार्फत रीतसर अर्ज, नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. "घरातल्या घरात" असा वेगळा प्रकार कायद्यात नाही.

आता गॅलरी. तिचा स्लॅब भिंतीतून बाहेर आलेला असतो, एकाच बाजूने धरलेला. दोन खुर्च्या, चार कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे या हिशेबाने तो ओतलेला. त्यावर कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्या, वर ग्रॅनाइटचा ओटा, सिंक, भिंतीला टाइल, शिवाय पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन. तीस-पस्तीस पावसाळे खाल्लेल्या स्लॅबवर हे चढवणार. गॅलरीच्या खालच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत उभं राहून वर बघा. प्लास्टर फुगलंय का, कडेने तपकिरी डाग उतरलेत का? असतील तर आतली सळई गंजायला लागली आहे. हे बघायला फी लागत नाही.

किचनची पाडायची ती भिंत कदाचित नुसती अर्ध्या विटेची असेल, कदाचित तिच्या पोटात तुळईचा आधार असेल. हातोडीने ठोकून "पोकळ आहे, चालतंय" असं कॉन्ट्रॅक्टरने सांगणं पुरेसं नाही. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला दामोदर पार्कातली चार मजली इमारत बसली आणि सतरा माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. मी भीती घालत नाही, पण मुंबईत हा विषय एवढा नाजूक का, ते यावरून कळावं.

सोसायटीच्या पत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारने घालून दिलेली नमुना नियमावली) सदनिकेत फेरफार करायला कमिटीची लेखी परवानगी घ्यावीच लागते. अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्टने डेब्रिज नेण्याची अट, हे त्यात येतं. पण सेक्रेटरींची सही म्हणजे महापालिकेची परवानगी होत नाही. उद्या वरच्या किंवा खालच्या कुणी टी वॉर्डात, म्हणजे मुलुंडच्या पालिका कार्यालयात, तक्रार टाकली तर विनापरवानगी बांधकामाबद्दल कलम ३५१ ची नोटीस घरमालकाच्या नावाने येते. कॉन्ट्रॅक्टर तोवर ठाण्यातल्या दुसऱ्या साइटवर असतो. पाडायचा खर्च तुमचा, पुन्हा बांधायचा खर्चही तुमचा. "नंतर रेग्युलराइज करून देतो" हेही तो म्हणेल. नियमात बसणारं काम फी आणि दंड भरून नियमित होऊ शकतं. जागेचा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याची मर्यादा) शिल्लक नसेल तर काय नियमित करणार?

फ्लॉवर बेडची गोष्ट वेगळी आहे. २०१२ च्या आधीच्या इमारतींमध्ये तो एफएसआयमध्ये धरलेला नसे, म्हणून बिल्डर सढळ हाताने द्यायचे आणि लोक सढळ हाताने आत घ्यायचे. तुमच्या मजल्यावर तिघांनी घेतलाय म्हणून तो अधिकृत झाला असं होत नाही. आणि तुमच्या बाबतीत त्यात एक जास्तीची मेख आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता करात सवलत आहे आणि तुमचं घर ४६५ चं. तुम्ही दिलेल्या मापाने गॅलरी २८ आणि फ्लॉवर बेड १४ चौरस फूट. बेरीज ५०७. पुढे कधी मोजणी झाली आणि आत घेतलेली जागा हिशेबात धरली गेली, तर सवलत हातची जाईल. शिवाय अनधिकृत बांधकामावर दुप्पट दराने दंड आकारायची तरतूद त्याच १८८८ च्या कायद्यात आहे. सात चौरस फुटांसाठी हे दुखणं कशाला?

खरी गणितं पुनर्विकासाची आहेत. तीस वर्षांवरच्या सोसायट्यांना मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी केलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत, ३३(७)(ब) खाली, आहे त्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त ते प्रोत्साहन क्षेत्र, म्हणजे जास्तीचं बांधकाम, मिळतं. डेव्हलपर तुम्हाला त्यातून किती देईल हा सोसायटीच्या घासाघिशीचा भाग. पण घासाघीस सुरू होते ती मंजूर नकाशातल्या अधिकृत क्षेत्रापासून. तुम्ही ४.६० लाख घालून आत घेतलेली गॅलरी त्या तक्त्यात गॅलरीच राहते आणि शेजारच्या, काहीच न केलेल्या घराइतकंच तुम्हाला मिळतं. मधल्या काळात घर विकायचं ठरलं तरी तेच. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो, आणि भिंत जागेवर नसली की रिपोर्टात तशी ओळ लिहितो.

म्हणून माझ्या हिशेबात पहिली ओळ गुंतवणूक तर नाहीच, धड हौसही नाही. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण ती हौस नोटिशीच्या टांगणीवर नको.

आता बाकीचं. फिजिबिलिटी रिपोर्ट म्हणजे उद्या घर रिकामं करायचं असं नाही. रिपोर्ट, सर्वसाधारण सभा, निविदा, डेव्हलपरची निवड, करारनामे, मंजुऱ्या, यात वर्षं जातात आणि मध्येच कुणीतरी कोर्टात जातो. आपण पाच वर्षं धरू. १४ लाखांचं काम पाच वर्षं वापरून पाडायला दिलं तर महिन्याला २३,३०० रुपये पडतात, आणि त्यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. माझ्या हिशेबाने करायचं काम असं: बाथरूम-संडास आणि वायरिंग पूर्ण ३.६० लाख; लाद्या आणि रंग फक्त गरजेपुरता, फॉल्स सीलिंग रद्द, १.६० लाख; फर्निचर १.८० लाख, तेही उचलून नेता येईल असं. सात लाख झाले. वर दहा टक्के अडीअडचणीला धरून ७.७० लाख. पाच वर्षांत महिन्याला साधारण १२,८०० पडतात. नव्या सुनेला गळकं बाथरूम दाखवायचं नसेल तर एवढं मोजायला हरकत नाही. पाच वर्षांची दहा झाली तर अर्ध्यावर आलं.

सुरुवात करायच्या आधी सोसायटीकडे शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. त्यात इमारतीला एक वर्ग दिलेला असतो. सी-३ (किरकोळ दुरुस्ती पुरे) असेल तर बेलाशक काम काढा. सी-२बी (घर रिकामं न करता मोठी दुरुस्ती) असेल तर इमारतीची दुरुस्ती आधी होऊ द्या, नाहीतर तुमच्या नव्या टाइलवर त्यांचे परांचीवाले नाचतील. सी-२ए (रिकामं करून मोठी दुरुस्ती) किंवा सी-१ (धोकादायक, पाडायची) असेल तर एक रुपयाही घालू नका.

बाथरूममध्ये जुन्या टाइलवर नवी टाइल लावू देऊ नका. कोटेशन स्वस्त करायची ही नेहमीची युक्ती आहे, आणि वजन वाढतं ते वेगळंच. जुनं उखडून, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं भांडं) बदलून, वॉटरप्रूफिंग झाल्यावर चोवीस तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांच्या छताला ओल येते का ते त्यांच्यासमोर बघायचं. आतल्या गळतीचा खर्च उपविधींप्रमाणे सभासदाच्या गळ्यात येतो, सोसायटीच्या नाही. बाथरूम-संडासाची जागा मात्र हलवायची नाही. खालच्यांच्या देवघरावर तुमचा संडास आला की तिथून पुढे रजिस्ट्रार ऑफिसच्या खेपा. वायरिंग करताना दोन एसी नव्याने लावणार असाल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज इलेक्ट्रिशियनकडून आधीच करून घ्या. गॅसची पाइप आपल्या प्लंबरकडून हलवू नका, ते काम महानगर गॅसचं. डेब्रिजसाठी पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे. रात्री नाल्याकडेला गोण्या टाकून येणाऱ्या टेंपोवाल्यापेक्षा ती बरी.

चिरंजीवांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय की कर्ज घ्या, टॅक्स वाचेल. बघू या. ७ लाख, सात वर्षं, व्याज समजा साडेनऊ टक्के. हप्ता ११,४४० च्या आसपास, एकूण व्याज २.६१ लाख. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण ६३ हजार. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त ३० हजार व्याजाची वजावट मिळते, आणि तीही जुन्या करपद्धतीत. वीस टक्क्यांच्या टप्प्यात, सेस धरून, तुमचे वाचणार ६,२४० रुपये. नव्या करपद्धतीत असाल तर शून्य. दुरुस्तीच्या कर्जाच्या मुद्दलाला ८०सी ची सवलत मिळत नाही. आणि यजमान दोन वर्षांनी निवृत्त होतायत, हप्ता त्यानंतर पाच वर्षं चालू राहील. कर्ज नको.

एफडींपैकी ५.४० लाख, म्हणजे नऊ महिन्यांचा घरखर्च, बाजूला ठेवा. त्याला लग्नासाठीही हात लावायचा नाही. उरले ६.६० लाख. कमी पडतात १.१०, ते तीन महिन्यांच्या शिलकीतून निघतात. काम दोन टप्प्यांत करा: आधी ओलं काम आणि वायरिंग, मग रंग आणि फर्निचर. एफडी मोडतानाही सगळ्या एकदम नको. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्या आधी.

बिलाशिवाय केलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल, असंही तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने सुचवलंय. सात लाखांवर सव्वा लाख वाचताना दिसतात, पण मग वॉटरप्रूफिंग फसलं तर ग्राहक आयोगात न्यायला हातात कागद काय? घर विकताना भांडवली स्वरूपाचा खर्च नफ्यातून वजा करायलाही बिलंच लागतात. नुसता रंग त्यात धरला जात नाही, तेवढं लक्षात असू द्या. बिल घ्या, पैसे बँकेतून द्या, आगाऊ वीस टक्क्यांच्या वर देऊ नका आणि शेवटचे दहा टक्के पाण्याची चाचणी होऊन महिना उलटल्यावर.

त्याच्याकडून नवं कोटेशन मागवा. पहिली ओळ काढलेली आणि वॉटरप्रूफिंगचा दर चौरस फुटाने वेगळा लिहिलेला असू द्या. गॅलरीशिवाय काम परवडत नाही असं तो म्हणाला, तर दुसरा माणूस बघा. मुलुंडात कमी नाहीत.