नवीन चांदीची नाणी आणि माझी काळी पावती

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. बोनस आलाय, मुलीच्या नावाने काहीतरी घ्यायचंय, आणि दुकानात नुकतंच आलेलं एक औंसाचं (साधारण ३१ ग्रॅमचं) चांदीचं नाणं तुम्ही बघून आलात. डबा देखणा, नाण्यावर क्रमांक, 'मर्यादित आवृत्ती'. दर त्या दिवशीच्या चांदीपेक्षा २३ टक्के जास्त, वर जीएसटी. दहा घेऊ का, असं विचारलंय. २०२०च्या धनत्रयोदशीला मीही अशीच एका काउंटरसमोर उभी होते, तोंडाला मास्क आणि हाताला सॅनिटायझरचा वास.

आधीच सांगते, मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. चांदी वर जाणार की खाली, ते मला विचारू नका. ९९९ म्हणजे किती शुद्ध, वजन काट्यावर बघून घ्यावं, हेही तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते.

मी २० ग्रॅमची २५ नाणी घेतली, म्हणजे अर्धा किलो. बाजारात चांदी ग्रॅमला ६३ रुपयांच्या आसपास होती, नाणं मला ८५ने पडलं. ४२,५०० आणि ३ टक्के जीएसटीचे १,२७५, एकूण ४३,७७५. वरचे २२ रुपये कशाचे, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, नवीन आलंय, फिनिशिंग बघा. आणि परत आणलंत तर आमच्या त्या दिवशीच्या विक्रीदराच्या ९० टक्के देतो. फक्त पॅक फोडू नका आणि बिल जपून ठेवा."

बिल जपून ठेवा, हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आमच्या शाळेत आयकार्डं लॅमिनेट करायचं मशीन आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी ती पावती दोन प्लॅस्टिकच्या मधे नीट सरळ केली, कडेला बोटभर जागा सोडली आणि मशीनमध्ये सारली. आत जाताना पांढरी होती. दुसऱ्या बाजूने बाहेर आली ती पाटीसारखी काळी. एक अक्षर दिसेना. पावती थर्मल कागदावरची होती. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनेच अक्षरं उमटतात, आणि सगळा कागद तापवला की सगळाच काळा होतो. शेकड्याने आयकार्डं काढलेल्या बाईला हे माहीत नसावं! शिपाईमामा म्हणाले, "बाई, एक्सरे काढला का?"

तेव्हा हसले. दुकानाचं पॅकिंग आहे, पॅकवर नंबर आहेत, कार्डाने पैसे दिलेत, अडेल कुठे, असं वाटलं.

अडलं २०२२च्या जुलैमध्ये. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. नाणी घेऊन दुकानात गेले. नाव घेत नाही, आणि कुठलं असेल याचे अंदाजही इथे बांधू नका. त्यांनी काळी पावती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हटलं, तुमच्याकडे नोंद असेल की. तर म्हणे मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं, जुनी बिलं मुख्य कार्यालयात. मुख्य कार्यालयाला मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं, 'कृपया शाखेशी संपर्क साधावा.' शाखा म्हणे, मेलमध्ये बिल नंबर लिहा. अहो, बिल नंबर वाचता आला असता तर मी मेल कशाला केला असता! शेवटी बँकेचं स्टेटमेंट नेलं. त्यावर तारीख, रक्कम, दुकानाचं नाव, सगळं होतं. मॅनेजर म्हणाले, "हा पैसे दिल्याचा पुरावा झाला, खरेदीचा नाही." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. तीन शनिवार गेले, फीची तारीख आली.

मग सराफ बाजारात गेले. ओळखीच्या सराफांच्या पोराने कात्रीने टराटरा पॅक कापले, पंचवीसच्या पंचवीस. ज्यांना दोन वर्षं हात लावू दिला नव्हता ते. तीन नाणी मशीनखाली ठेवून टंच (शुद्धता) पाहिला, बाकी काट्यावर ओतली. डबे एका बाजूला सारून म्हणाला, "हे घरी घेऊन जा, काकू." मोडीचा भाव लागला ५५, त्यात ३ टक्के घट म्हणून कापले. हातात आले २६,६७५.

घरी येऊन जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एकूण गेले १७,१००. त्यातले चांदी उतरली म्हणून गेले फक्त ४,०००. घटीचे ८२५. उरलेले सव्वाबारा हजार, म्हणजे ते वरचे २२ रुपये आणि जीएसटी, मी पहिल्याच दिवशी काउंटरवर ठेवून आले होते. बिल वाचता आलं असतं तर? त्या दिवशी त्यांचा विक्रीदर ७७ होता, त्याच्या ९० टक्क्यांनी ३४,६५० मिळाले असते. म्हणजे त्या लॅमिनेशनची किंमत जवळजवळ आठ हजार. शाळा दहा रुपये घेते.

कुणी म्हणेल, थांबला असतात तर? २०२५मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेलीच. खरंय, पण फी थांबत नाही. आणि मुद्दा तो नाहीच. त्याच ४३,७७५ रुपयांत त्या दिवशी सराफाकडून चांदीची साधी वीट घेतली असती, त्याची थोडी वरकड आणि जीएसटी धरूनही, तर ६६० ग्रॅमच्या वर आली असती. माझ्याकडे आली ५००. भाव कुठेही जावो, ते १६० ग्रॅम मी डब्यांना आणि फिनिशिंगला दिले.

आता तुमचं गणित. १०० रुपयांची चांदी १२३ला, वर जीएसटी, म्हणजे साधारण १२७. मोडायला गेलात की तीन टक्के घट जाऊन ९७. नुसती मुद्दल सुटायला चांदी तीस टक्क्यांहून जास्त चढावी लागेल. चढेलही. पण चढली तर विटेवरही चढेल ना?

'नवीन' या शब्दाला चांदीत काही भाव नाही, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, १३,०००हून जास्त नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. राजा बदलला, चांदी तीच. (अंजनेरीच्या नाणी संग्रहालयात मुलीला घेऊन जा, त्र्यंबकच्या वाटेवरच आहे.)

संग्राहकांची गोष्ट वेगळी. अमेरिकेचं सिल्व्हर ईगल १९८६पासून निघतंय, कॅनडाचं मेपल लीफ १९८८पासून. त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे, म्हणून वरचे पैसे थोडेफार परत येतात. तुमच्या नाण्याचं दुसरं गिऱ्हाईक कोण, हे त्या दुकानात विचारा. उत्तर देताना चेहरा बघा.

तुमच्या पोस्टखाली एकांनी सुचवलंय की नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ओळख काढा, सरकारी नाणं स्वस्त मिळेल. अहो, तिथे नोटा आणि स्टॅम्प छापतात. नाणी पाडणाऱ्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. आणि सरकारी स्मारक नाणं म्हणजे शुद्ध चांदी असंही धरून चालू नका. २०२३चं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे, पण त्यात चांदी निम्मीच; उरलेलं तांबं, निकेल, जस्त. आवड म्हणून घ्या, सराफाकडे मोडायला नेऊ नका.

तरी नाणीच घ्यायची असतील (मला कळतं, मुलीच्या हातात वीट कशी देणार), तर दहा नको, एक घ्या. बाकीच्या पैशांची साधी चांदी, ज्या सराफाकडे मोडणार आहात त्याच्याकडूनच. 'परत घेऊ' हे तोंडी ऐकू नका, बिलावर लिहून घ्या: कोणता दर, किती घट, पॅक फुटला तर काय. बँकेतून घेणार असाल तर बँक नाणं परत घेत नाही, हे आधीच धरून चला. आणि बिल मिळाल्याच्या मिनिटाला मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच मेल करा. दुकानाच्या पायरीवरच काढा, घरी गेल्यावर नको.

बिल करासाठीही लागतं. २३ जुलै २०२४नंतरच्या नियमाप्रमाणे चांदी २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. पण किती रुपयांना घेतली ते दाखवता यायला हवं. नक्की काय ते तुमच्या सीएला विचारा. नाण्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करते: रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६पासूनच्या नियमांत चांदीची नाणी कर्जाला तारण ठेवता येतात, माणशी ५०० ग्रॅमपर्यंत. विटा नाही चालत.

निव्वळ गुंतवणूक असेल तर सिल्व्हर ईटीएफ आहेत, म्हणजे शेअरसारखे घेता-विकता येणारे चांदीचे फंड, त्यात घटही नाही आणि डबाही नाही. पण तिथेही आंधळेपणाने जाऊ नका. ऑक्टोबर २०२५मध्ये ईटीएफचे भाव चांदीच्या वर पळाले आणि काही फंडांनी नवीन एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं.

नाणी घरी ठेवलीत तर रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. रांगोळीने, टूथपेस्टने घासू नका. आणि लॉकर घ्याल तर गोदाकाठच्या तळमजल्यावर घेऊ नका, २०१६च्या पुरात सराफ बाजारात काय झालं ते पाहिलंय.

कुणीतरी खाली काळ्या पावतीचा फोटो मागेल. ती अजून कपाटात आहे, लॅमिनेशन अगदी मस्त टिकलंय.