सनस्क्रीनमधल्या व्हिटॅमिन एमुळे लॅबमधल्या उंदरांना त्वचेचा कॅन्सर झाला असं रील पाहिलं. सनस्क्रीन बंद करू का?

नका करू. उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही खाली लिहिलंय, ‘उंदरांवर सिद्ध झालंय म्हणजे काहीतरी असेलच ना.’ हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. अमेरिकेत पोस्टडॉक करताना काही वर्षं मी हेच काम केलंय: बिनकेसांच्या उंदरांना अतिनील (यूव्ही) दिव्यांखाली ठेवायचं आणि दर आठवड्याला त्यांच्या पाठीवरच्या गाठी मोजायच्या. एक मिलिमीटरची झाली की वहीत, तोवर नाही.

हे उंदीर एसकेएच-१ जातीचे. गुलाबी, सुरकुतलेले, पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येईल असे, पण स्वभावाने गरीब. पिल्लांना आधी केस येतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गळून जातात. (‘न्यूड’ उंदीर वेगळे. त्यांना थायमस, म्हणजे प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथी, नसतो; यांची प्रतिकारशक्ती शाबूत असते. हा घोळ पीएचडीवालेही घालतात.) यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतला त्वचा भाजणारा भाग, नियमित दिलं की कुठलंही रसायन न लावता काही महिन्यांत आधी पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारख्या साध्या गाठी, येतात, मग त्यातल्या काहींचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) होतो. लंडनमध्ये फिंडले यांनी १९२८ मध्ये पाऱ्याच्या दिव्याखाली उंदरांवर हे दाखवलं होतं, त्यामुळे यात वाद काही नाही.

वाद असतो तो मोजणीचा आणि तुलनेचा. दिव्याच्या नळीच्या मध्याखाली प्रकाश जास्त, टोकांना कमी, म्हणून उंदरांच्या जागा सारख्या फिरवायच्या. एकत्र ठेवले तर ते एकमेकांच्या अंगाखाली शिरून सावली धरतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा. दिवे म्हातारे होतात, म्हणून मीटर घेऊन मागे लागायचं. आणि गाठी मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळता कामा नये. एवढं करूनही, तुलना कशाशी करायची हेच चुकलं तर सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. एका वनस्पतीतला घटक क्रीममध्ये मिसळून लावायचा आणि गाठी कमी होतात का बघायचं, असा प्रयोग होता. मी म्हटलं, तीन गट हवेत: नुसतं यूव्ही, यूव्ही आणि साधं क्रीम, यूव्ही आणि औषध घातलेलं क्रीम. आमचा सीनियर नागपूरचा. आम्ही मराठीतच भांडायचो, त्यामुळे बॉसला भांडण दिसायचं, कळायचं नाही. तो म्हणाला, ‘‘अगं, नुसतं क्रीम ते. तेल, पाणी आणि मेण. त्याने काय होणार आहे?’’ मी म्हटलं, ‘‘तेच तर बघायचंय.’’ पिंजऱ्यागणिक रोजचं भाडं पडायचं, आणि मधला गट उडवला की खर्च एक तृतीयांशाने खाली येत होता. बॉसने पैशाकडे पाहिलं. मधला गट उडाला.

शेवटी काय, तर औषधाच्या गटात आणि नुसत्या यूव्हीच्या गटात गाठी जवळपास सारख्याच. औषध निरुपयोगी, फाईल बंद. मी मीटिंगमध्ये विचारलं, क्रीमनेच गाठी वाढवल्या असतील आणि औषधाने त्या तेवढ्याच खाली आणल्या असतील तर? सीनियर हसला. बॉस म्हणाले, पुढचा विषय घेऊ.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या ॲलन कॉनी यांच्या गटाचा पेपर आला. त्यांनी एसकेएच-१ उंदरांना २० आठवडे यूव्हीबी दिलं, मग ते थांबवून बाजारातली चार साधी मॉइश्चरायझर्स १७ आठवडे लावली. चारही क्रीमनी गाठी होण्याचा वेग वाढला. तेल, पाणी आणि मेण! मी तो पेपर सीनियरला पाठवला. उत्तर आलं नाही.

आता तुमचं व्हिटॅमिन ए. रीलवाले ज्याचा हवाला देतात तो अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा (रसायनांचे धोके तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा) अहवाल २०१२ चा. त्यातही एसकेएच-१ उंदीरच. रेटिनाइल पाल्मिटेट (व्हिटॅमिन एचंच एक रूप) घातलेलं क्रीम आणि सूर्यासारखा कृत्रिम प्रकाश, आठवड्याला पाच दिवस, ४० आठवडे. व्हिटॅमिनच्या गटात गाठी वाढल्या, हे खरं. पण व्हिटॅमिन नसलेलं क्रीम लावलेल्या उंदरांतसुद्धा, काहीच न लावलेल्यांपेक्षा गाठी जास्त होत्या. तिथे तो मधला गट ठेवला होता म्हणून हे कळलं. रीलमध्ये हा गट शोधून दाखवा.

आणि त्या क्रीममध्ये सनस्क्रीनचा, म्हणजे किरण अडवणारा, एकही घटक नव्हता. सनस्क्रीनची परीक्षा झालीच नाही, मग ते नापास कसं? माणसांवरची परीक्षा ऑस्ट्रेलियात नंबूर गावी झाली: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा सुमारे ४० टक्क्यांनी कमी. ते लोक मात्र बहुतेक गोरे, क्वीन्सलंडच्या उन्हातले. आपल्या सावळ्या कातडीला हा कॅन्सर मुळात कमी होतो, त्यामुळे तो आकडा पुण्याला जसाच्या तसा लावू नका. उंदराची वरची त्वचाही आपल्यापेक्षा खूप पातळ असते, म्हणून उंदरांचे आकडेही माणसाला जसेच्या तसे लावू नका.

हेही सांगायला हवं की त्या अहवालात व्हिटॅमिनवाल्या क्रीमचे आकडे साध्या क्रीमपेक्षा वरच होते, म्हणजे तो घटक अगदीच निर्दोष सुटत नाही. शंका वाटत असेल तर बाटलीमागचं लेबल वाचा, रेटिनाइल पाल्मिटेट नसलेली सनस्क्रीन मिळतात. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मात्र माझं काय, कुणाचंच ऑनलाइन उत्तर वाचत बसू नका. अशा रुग्णांना हा कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडून नियमित तपासून घ्यायचं.