शाळेत परत पाठवू नका, परीक्षेला बसवा

विट्याजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा १७ वर्षांचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये दहावीत गणित आणि विज्ञान राहिलं, बाकी सगळे विषय सुटले. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसला नाही. मामाबरोबर कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, दुकानावर गेला आणि होळीच्या सुमारास परत आला. ‘तिकडं जाणार नाही’ एवढंच म्हणतो, कारण सांगत नाही. दुपारी उठतो, रात्री दोनपर्यंत मोबाइल. बरोबरीची मुलं बारावीत, त्यांच्यात जात नाही. वडील म्हणतात, शिकायचं का कमवायचं, एक काय ते ठरव. विट्यात कुणीतरी ‘फायर अँड सेफ्टी’चा सहा महिन्यांचा डिप्लोमा सांगितला आहे. ४५ हजार फी आणि आखातात नोकरीची हमी. पैसे भरू का, असं आईनं विचारलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ पुतणीबद्दल आहे. तिच्याकडे नंतर येतो.

ताई, नमस्कार.

आधी ४५ हजारांचं. भरू नका. सहा महिन्यांत दहावी नापास मुलाला आखातात सुरक्षा अधिकारी करणारा कोर्स कुठंही नाही. हमी देणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: प्रमाणपत्रावर सही कुणाची असते, आणि नोकरी लागली नाही तर पैसे परत मिळतील असं कागदावर लिहून देता का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकजण चहा मागवतात.

आता मुलाचं. तुमच्या पत्रात ‘आळशी’ हा शब्द चार वेळा आला आहे. आळशी मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून हजार किलोमीटरवर भट्टीपुढं आठ महिने काढत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईवर उभी राहिली. त्या धंद्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्यांनी बंगले बांधले त्यांचीच गोष्ट गावात सांगितली जाते. जो मुलगा परत येतो त्याची कुणी सांगत नाही, आणि त्याला स्वतःलाही ती सांगता येत नाही. तेजाबाचा धूर, कोंदट गाळा, रात्रीची झोप दुकानातच. यातलं नेमकं काय झालं ते त्याला खोदून विचारू नका. एवढं मात्र लक्षात ठेवा की २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांमध्ये कामावर ठेवू देत नाही. मामा पुन्हा न्यायला आले तर ‘१८ पूर्ण होऊ दे, मग त्याचं तो बघेल’ एवढं सांगायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

वडिलांच्या ‘शिकायचं का कमवायचं’ या प्रश्नापाशीच घोडं पेंड खातंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढं साताऱ्यात पोरांना कमवत शिकायला लावलं. आपल्या भागात तरी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी निकालात निघाला आहे. तुमच्या मुलानं दोन्ही करायचं आहे, फक्त मापात.

शिक्षणाचं माप अगदी छोटं आहे, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याला दहावी पुन्हा करायची नाहीये. पास झालेल्या विषयांची सूट त्याला मिळते. उरले गणित आणि विज्ञान. दोन्हींचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन भाग, म्हणजे एकूण चार पेपर. वर्गात, गणवेशात, आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरांमध्ये बसायचं नाही. पुनर्परीक्षार्थी म्हणून त्याच्या जुन्या शाळेतूनच अर्ज भरायचा. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो, पण त्यासाठी कोल्हापूरला हेलपाटा घालावा लागत नाही. सगळं शाळेच्या कार्यालयातून होतं. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे अर्ज साधारण दिवाळीच्या मागंपुढं भरले जातात, म्हणून गणपती झाले की त्यानं एकदा चौकशीला जावं. जुनी गुणपत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू दे. अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाच्या २० गुणांचं काय करायचं, तेही तिथंच विचारून यावं.

आणि ताई, त्याला शाळा भरायच्या किंवा सुटायच्या वेळी पाठवू नका. तास सुरू असताना, अकरा-साडेअकराला जाऊ दे. गेटवर ओळखीची पोरं, आणि त्यातल्या एकानं विचारलेलं ‘काय रे, आता काय करतोस?’ एवढ्यावर माघारी फिरलेली मुलं मी पाहिली आहेत. तुम्ही बरोबर जाऊ नका. क्लार्कशी त्यालाच बोलू दे.

कुणीतरी तुम्हाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा, रस्ताही सुचवेल: ‘गणित नको असेल तर तिकडून काढा, सोपं पडतं.’ संस्था खरी, सरकारी आहे. मध्येच शाळा सुटलेल्या मुलांसाठी ती चांगली सोय आहे, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते आणि विषयही निवडता येतात. पण तुमच्या मुलाचा हिशेब वेगळा आहे. तिथं पाच विषय लागतात आणि आधीच्या मंडळाचे जास्तीत जास्त दोनच विषय जमेस धरतात. म्हणजे इथं दोन विषयांत काम होतंय ते सोडून तिकडं तीन विषय द्यायचे. शिवाय गणित-विज्ञान टाळून दहावी काढली तर आयटीआयच्या फिटर आणि इलेक्ट्रिशियनचं दार बंद होतं, कारण त्या ट्रेडना दहावीला हे दोन्ही विषय लागतात. सोपा म्हणून घेतलेला रस्ता त्याला नेमका तिथंच अडवेल.

आता अभ्यास. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर तो चौथ्या दिवशी पुस्तक मिटेल. वर्गसमीकरणं राहू देत. गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी आहे. सोन्यावर ३ टक्के जीएसटी, त्यात दीड केंद्राचा आणि दीड राज्याचा. अशी बिलं त्यानं कोइमतूरला पाहिली असतील. त्याला एकदा सहज विचारा: २५ ग्रॅमचा जिन्नस ८८ टंचाचा, म्हणजे शंभरात ८८ भाग शुद्ध, असला तर शुद्ध सोनं किती? तो कागद न घेता २२ ग्रॅम सांगेल. टंच काढता येतो म्हणून पायथागोरसचं प्रमेय येईल असं मी म्हणत नाही. दोन्हींत बरंच अंतर आहे. पण जीएसटी, मग सांख्यिकी, संभाव्यता, आणि दुसऱ्या भागातल्या भौमितिक रचना, एवढं त्यानं घोटून केलं तरी पास होण्याइतके गुण हाताशी येतात. रचनांना तर पाठांतरही लागत नाही. टोकदार पेन्सिल आणि चांगला कंपास, बस्स. विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘धातुविज्ञान’ आणि ‘विद्युतधारेचे परिणाम’ आहेत, सुरुवात तिथून. रोज दीड तास, सकाळी. जमलं तर बारावी झालेल्या एखाद्या दादाकडं किंवा ताईकडं शिकवणी लावा. मोठ्या क्लासच्या साठ पोरांच्या बॅचमध्ये घालू नका, तिथं तो पुन्हा शेवटच्या बाकावरच जाईल.

मोबाइल काढून घेऊ नका. पाच महिने त्याला सोबत फक्त त्याचीच आहे. सकाळी उठायला कारण मिळालं की रात्रीचे दोन आपोआप बाराच्या अलीकडं येतात.

ते कारण म्हणजे काम, रोजचं अर्ध्या दिवसाचं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून तुमच्या भागात मोटारी, पंप, ठिबक, स्टार्टर यांची कामं वाढली आहेत, आणि उन्हाळ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागते. अशा एखाद्या ओळखीच्या दुकानात त्याला दुपारचे चार तास पाठवा. पगाराची अपेक्षा धरू नका, पण फुकटही राबू देऊ नका. पेट्रोल आणि हातखर्च सुटला पाहिजे, एवढं मालकाशी आधीच बोलून घ्या. दुसरं बोलायचं ते हे: चालू लाइनवर हात नाही, खांबावर चढायचं नाही. जळकी वाइंडिंग काढणं, वेढे मोजणं, वार्निश, बेअरिंग बदलणं, हे शिकू दे. मल्टिमीटर धरता आला की ‘विद्युतधारेचे परिणाम’ त्याला निम्मं कळलेलं असेल.

मे-जूनमध्ये निकाल लागला की लगेच आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. शासकीय आयटीआय आता जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे आणि फी खासगी संस्थांच्या मानानं फारच कमी. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीत आणि किर्लोस्करवाडीच्या आसपास असे कारखाने आहेत. शिकायची हौस पुढं वाढली तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. हे आत्ताच त्याच्यापुढं मांडत बसू नका. त्याला सध्या चार पेपर दिसले तरी पुष्कळ.

आणि दोन्ही विषय नाहीच सुटले तर? एक सुटला तरी तो कायमचा सुटला. उरलेल्याला जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. तेही नको म्हणाला तर आयटीआयचे वेल्डर, वायरमन, प्लंबर असे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही खुले असतात. वेल्डर तर एकाच वर्षाचा आहे आणि चांगल्या वेल्डरला आपल्याकडं काम शोधावं लागत नाही. पण हे दार आत्ता उघडून दाखवू नका, नाहीतर तो दिवाळीचा अर्जच भरणार नाही.

यजमानांना एकच विनंती. मार्चपर्यंत ‘पुढं काय करणार?’ हा प्रश्न घरात नको. ‘आज दुकानात काय केलंस?’ हे विचारलं तर चालेल. उत्तर तुटक येईल. येऊ दे. मात्र तो जेवत नसेल, घरातल्या कुणाशीच बोलत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येतं.

आता पुतणी. मुलाबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि तिच्याबद्दल एक ओळ: ‘जावेची मुलगी १६ ची आहे, सातवीनंतर घरीच असते, सध्या स्थळं बघणं चालू आहे.’ ताई, स्थळं बघणं थांबवा. १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. तो लावून देणाऱ्यांवर येतो, आणि मांडवात तुम्हीही असणार. जाऊबाई ऐकत नसतील तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. पण आधी घरात बोलून पाहा. ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

तिच्यासाठी रस्ता आहे, आणि तो तुमच्या मुलाच्या रस्त्यापेक्षा वेगळा आहे. ती दहावीला कधी बसलेलीच नाही, त्यामुळं तिचा अर्ज १७ नंबरचा. किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण असलेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना या फॉर्मवर खासगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसता येतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. तिचे सगळेच विषय आहेत आणि मध्ये तीन वर्षं गेली आहेत, त्यामुळं येत्या मार्चला सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्रं आधी निघतील, इंग्रजी आणि गणिताला वेळ लागेल. पण नावनोंदणीची मुदत तुमच्या मुलाच्या अर्जाच्या आधी, साधारण सप्टेंबरपर्यंतच असते. उशीर झाला तर विलंब शुल्क पडतं. म्हणजे या घरात पहिली घाई तिची आहे. दाखला सापडत नसेल तर तिच्या सातवीच्या शाळेत दुय्यम प्रतीसाठी याच आठवड्यात अर्ज द्या. मुलगा त्याच्या शाळेत चौकशीला जाईल तेव्हा १७ नंबरसाठी आपल्या भागातलं संपर्क केंद्र कोणतं, तेही त्यालाच विचारून यायला सांगा. स्वतःचं काम काढायला जो पाय उचलत नाही, तो बहिणीच्या कामाला कदाचित लवकर जाईल.