फोनमधले फोटो, नंबर आणि कॅलेंडर घरच्या जुन्या लॅपटॉपवर कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुगलची 15 जीबी भरली, दर महिन्याला पैसे द्यायचे नाहीत, घरात 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकून फोटो, संपर्क, कॅलेंडर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ठेवता येईल का, आणि बाहेरगावाहून ते सगळं दिसेल का?

येईल आणि दिसेलही. फक्त क्रम सांभाळा. बहुतेक लोक फोटोंपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. संपर्क आणि कॅलेंडर आधी हलवा. तो डेटा जेमतेम काही एमबी असतो, एका संध्याकाळी काम होतं आणि चुकलं तर पुन्हा करता येतं.

या कामाला मी रास्पबेरी पाय या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकापेक्षा जुना लॅपटॉप पसंत करेन, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस. डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. लॅपटॉपवर ती वेळ येत नाही. पाय 5 वापरायचाच असेल तर 27 वॅटचा अडॅप्टर घ्या. 15 वॅटच्या अडॅप्टरवर तो यूएसबीला सगळं मिळून 600 मिलीअँपियरच देतो, आणि बाहेरची हार्ड डिस्क मधेच गायब होऊ लागते. लॅपटॉपला जुनी फिरती डिस्क असेल तर 256 जीबीची एसएसडी बसवा. झाकण मिटल्यावर झोपणार नाही अशी सेटिंग करा. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, आणि महिन्यातून एकदा तळ बघा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती लगेच काढायची. वापर सरासरी 15 वॅट धरला तर महिन्याला साधारण 11 युनिट होतात.

डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका, तिचा डेस्कटॉप नको. डॉकर (प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन) त्यांच्या अधिकृत रेपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भांडारातून, घ्या. डेबियनऐवजी उबुंटू सर्व्हर टाकलात तर त्याचा इन्स्टॉलर स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज पद्धतीतला डॉकर देऊ करतो, तो घेऊ नका. त्याला बाहेरच्या डिस्कवरचे फोल्डर नीट दिसत नाहीत आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

आता बाहेरून पोचण्याचं. घरगुती फायबरवर बहुतेक वेळा तुमच्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला तर तुम्ही त्याच व्यवस्थेत आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने लॅपटॉपकडे वळवणं) कितीही केलं तरी चालणार नाही. पत्ता मिळत असला तरी लॅपटॉपचे पोर्ट, म्हणजे जोडणीची दारं, इंटरनेटवर उघडी टाकू नयेत असंच मी सांगेन. लॅपटॉपवर आणि फोनवर टेलस्केल टाका. ते तुमच्या उपकरणांचं खाजगी जाळं (व्हीपीएन) बनवतं, वायरगार्ड या तंत्रावर चालतं आणि घरगुती वापराला फुकट आहे. उपकरणांची एकमेकांशी गाठ घालून देणारा त्याचा मधला समन्वय सर्व्हर मात्र ओपन सोर्स नाही. ते खटकत असेल तर पुढे हेडस्केल या ओपन सोर्स पर्यायाकडे जाता येतं. टेलस्केलमध्ये आल्या आल्या लॅपटॉपची की-एक्स्पायरी (ओळखीच्या किल्लीची मुदत) बंद करा. मूळ मुदत 180 दिवस असते. ती संपली की सहा महिन्यांनी, नेमके तुम्ही गावी असताना, सगळं बंद पडतं. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, म्हणजे ऑफिसचा व्हीपीएन लावलात की हा सुटणार.

संपर्क आणि कॅलेंडरसाठी रॅडिकेल हा छोटा सर्व्हर प्रोग्राम. नेक्स्टक्लाउड हे सगळं सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअरही हे करतं, पण एवढ्याशा कामाला तो डोंगर उभा करण्यात अर्थ नाही. रॅडिकेल प्रत्येक संपर्क आणि प्रत्येक कार्यक्रम साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे उद्या प्रोग्राम बिघडला तरी डेटा डोळ्यांनी वाचता येतो. त्याचं पोर्ट 5232, आणि मुळात ते फक्त त्याच मशीनवरून उघडतं. ते तसंच राहू द्या, आणि टेलस्केलच्या सर्व्ह सोयीने पुढे एचटीटीपीएस लावा. त्या प्रमाणपत्रामुळे मशीनचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, म्हणून नावात आडनाव किंवा गाव घालू नका. आयफोनमध्ये कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह (कॅलेंडर आणि संपर्क जुळवण्याच्या पद्धती) आतच आहे. अँड्रॉइडला डॅव्हएक्स-फाइव्ह (DAVx⁵) हे अ‍ॅप लागतं. प्ले स्टोअरवर विकत, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपांच्या दुकानात मोफत.

नंबर हलवताना मराठी नावांची एक खास अडचण येते. फोनचं संपर्क अ‍ॅप बऱ्याचदा व्हीकार्ड या संपर्क-फाइलीच्या जुन्या 2.1 आवृत्तीत फाइल काढतं, आणि त्यात देवनागरी अक्षरं संकेतात बदललेली असतात. ती फाइल रॅडिकेलच्या वेबपानावरून थेट चढवलीत, तर ‘आत्या’च्या जागी ‘=E0=A4=86’ अशी माळ दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते. ‘आ’ हे अक्षर तीन बाइटचं, ते तीन बाइट तसेच छापले गेलेत इतकंच. उपाय सोपा आहे: आधी डॅव्हएक्स-फाइव्हचं खातं फोनमध्ये जोडा, मग फोनच्याच संपर्क अ‍ॅपमध्ये ‘इम्पोर्ट’ करून ते खातं निवडा. अ‍ॅप संकेत उलगडतं आणि नावं नीट सर्व्हरवर जातात. त्यानंतर ‘नवीन संपर्क कुठे साठवायचे’ ही सेटिंग बदला. ती विसरलात तर आजपासूनचा प्रत्येक नवा नंबर गुपचूप गुगलमध्येच जात राहील.

फोटोंसाठी इमिच (Immich), गुगल फोटोजसारखा घरचा सर्व्हर. तुमची 8 जीबी रॅम पुरते. 4 जीबी असती तर चेहरे ओळखणारा मशीन लर्निंगचा भाग बंद ठेवायला सांगितलं असतं. फोटो बाहेरच्या डिस्कवर, डेटाबेस मात्र लॅपटॉपच्या एसएसडीवर ठेवा. बाहेरची डिस्क ईएक्सटी4 या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. दुकानातून आणलेली डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते आणि तिच्यावर डेटाबेस ठेवला तर फाइलींच्या मालकीवरून तो चालूच होत नाही. फोटोंच्या आकारावर आणखी 10 ते 20 टक्के जागा लघुचित्रं आणि रूपांतरित व्हिडिओंसाठी धरा. डेटाबेसच्या पासवर्डात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे घाला, चिन्हं नकोत.

डिस्क बसवताना एक गोष्ट नक्की तपासा. डिस्क फोल्डरला जोडायच्या आधीच डॉकर सुरू झाला, तर तो त्याच नावाचं रिकामं फोल्डर एसएसडीवर वापरतो. इमिचने आपल्या फोल्डरांत ‘.immich’ नावाच्या छोट्या लपलेल्या फाइली ठेवलेल्या असतात. त्या सापडल्या नाहीत की ते सुरू व्हायलाच नकार देतं. लॉगमध्ये ही तक्रार दिसली की घाबरून ते तपासणं बंद करू नका आणि हाताने तशा फाइलीही बनवू नका. डिस्क जोडली गेलेली नाही, एवढंच ते सांगत असतं. डिस्कची नोंद यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने) करा, म्हणजे यूएसबीचं तोंड बदललं तरी ती सापडते.

फोनमधले मूळ फोटो आधी चढवा, गुगल टेकआउट, म्हणजे गुगलमधून उतरवून घेतलेला डेटा, नंतर. गुगलमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ लावलेलं असेल तर तिथली प्रत मुळातच आकसलेली असते, आणि इमिच तीच फाइल पुन्हा आली तर ओळखतं ते बाइट जुळले तरच. फोनवर इमिचला लोकेशनची परवानगी द्या, नाहीतर अँड्रॉइड फोटोतलं ठिकाण काढून मगच फाइल हातात देतं. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून अ‍ॅप वगळा. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवोच्या फोनवर ऑटोस्टार्टही चालू करा. पहिली खेप मात्र घरच्या वायफायवर, चार्जर लावून, अ‍ॅप उघडं ठेवून करा. सेकंदाला 5 एमबी गती धरली तर 100 जीबीला साडेपाच तास लागतात. टेकआउटच्या झिपमध्ये बऱ्याच फोटोंची तारीख आणि ठिकाण शेजारच्या जेसन (.json) या मजकूर फाइलीत असतं. नुसते फोटो ओढून टाकलेत तर ती माहिती मागे राहते. इमिच-गो हे साधन दोन्ही जुळवून चढवतं.

व्हॉट्सअ‍ॅप ‘होस्ट’ करता येत नाही, त्याची बॅकअप फाइल तेवढी आणता येते. फोनच्या ‘अँड्रॉइड’ फोल्डरात ‘मीडिया’खाली व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर असतं, सिंकथिंग या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रामने ते एकाच दिशेने, ‘सेंड ओन्ली’ करून लॅपटॉपवर आणा. मूळ सिंकथिंगचं अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये थांबलं, त्याचा ‘फोर्क’ (इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती) घ्या. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करून 64 अंकी किल्ली कागदावर उतरवा. ती हरवली तर आणलेली फाइल कोणालाच उघडणार नाही.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर पुसलेलं लॅपटॉपवरूनही पुसलं जातं. सिंकथिंगमध्ये लॅपटॉपच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखायची सोय चालू करा. इमिच रोज रात्री डेटाबेसची प्रत काढतं, पण त्यात फोटो नसतात, अल्बम, नावं आणि नोंदी असतात. दोन्ही लागतात. दुसरी डिस्क घ्या, रेस्टिक या बॅकअप साधनाने आठवड्यातून एकदा प्रत काढा आणि ती डिस्क भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. रेस्टिकचा पासवर्ड लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहिलेला हवा.

महिनाभर गुगल आणि घर दोन्ही चालू ठेवा. मग दुसऱ्या डिस्कवरून एका वेगळ्या मशीनवर इमिच उभं करून बघा: एखादा 2019 चा अल्बम तारखेसह परत येतो का? आला, तर गुगल फोटोजमधला बॅकअप फोनवर आधी बंद करा, अ‍ॅपमधून खातं काढा आणि मगच संगणकाच्या ब्राउझरमधून तिथले फोटो उडवा. खातं जोडलेलं असताना उडवलेत तर फोनमधलेही जातात. चुकून काही गेलंच, तर गुगलच्या कचऱ्यात ते 60 दिवस राहतं, आणि 15 जीबीतली जागा लगेच हवी म्हणून तो कचरा त्याच दिवशी रिकामा करू नका.