सुंभ, पीळ आणि पत्रिका

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे : मुलाची पत्रिका पाहून गुरुजी म्हणाले, ‘लग्नी (म्हणजे पत्रिकेच्या पहिल्या घरात) मंगळ आहे, हा जात्याच तापट, सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.’ जन्मजात स्वभावासाठी ही म्हण चालते का, आणि स्वभाव पत्रिकेतून कळतो का?

म्हण चालत नाही, आणि माडांच्या मुलखातल्या माणसांनीच ती अशी वापरावी याचे मला वैषम्य वाटते. ‘जात्याच’ म्हणजे जन्मतःच. तेथवर गुरुजी बरोबर आहेत. सुंभ मात्र पीळ घेऊन जन्मत नाही. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजवून, बडवून काथ्या मोकळा करतात आणि हाताने वळलेल्या पेडांना एकमेकांभोवती पीळ देतात, तेव्हा कुठे सुंभ होतो. जळाल्यावर राखेतही दिसणारे ते वळसे वळणाऱ्याच्या हाताचे असतात, माडाचे नव्हेत. म्हणीचा रोख सर्वस्व गेले तरी न सुटणाऱ्या हट्टावर आहे.

‘सुंभ’ मला संस्कृत ‘शुल्ब’ म्हणजे दोरी, याचाच वंशज वाटतो. त्याचे नाते शुंभ-निशुंभांतल्या शुंभाशी जोडू पाहणाऱ्यांनी तो असुर कोणत्या झाडाला लागतो तेवढे सांगावे. दोरीने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारी शुल्बसूत्रे ‘कल्प’ या वेदांगात, म्हणजे वेदांच्या सहा पूरक शास्त्रांपैकी एकात, मोडतात आणि ज्योतिष हे त्याचेच भावंड. गंमत अशी की, वेदांगज्योतिषात यज्ञकाळ ठरवण्यापुरते सूर्यचंद्रांचे गणित आहे. जन्मपत्रिकेचा पत्ताच नाही. ती ग्रीक संपर्कातून आली, आणि ‘होरा’, ‘केंद्र’ हे तिचे शब्दही तिकडचेच. ‘अहोरात्र’ची पहिली-शेवटची अक्षरे गळून ‘होरा’ झाला, हे वराहमिहिराने नोंदवलेले मत चतुर आहे, पण खरे नाही.

राहिला दुसरा प्रश्न. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या स्वभावभेदांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतात. पण ते देणे आईबापांचे, मंगळाचे नव्हे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या २७ ज्योतिषांपुढे हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ठेवल्या, तेव्हा अचूक ओळखल्या गेल्या ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी. ही चाचणी बुद्धीची होती, तापटपणाची नव्हे, हे खरे; पण जिला बुद्धी दिसत नाही, त्या पत्रिकेला राग कसा दिसतो, ते गुरुजींनीच सांगावे. सांगताना ‘याचा पिंडच तापट’ असे म्हणावे. सुंभाला त्यात ओढू नये.