मॅग्नेटारमधून इतके प्रचंड स्फोट का होतात?

मॅग्नेटार म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघट्ट गाभा. स्फोटांची ऊर्जा ताऱ्याच्या फिरण्यातून येत नाही, चुंबकीय क्षेत्रातून येते. साध्या पल्सारचं (फिरताना नियमित स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) क्षेत्र साधारण १ लाख कोटी गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक), मॅग्नेटारचं त्याच्या १०० ते १,००० पट. आतलं पीळ पडलेलं क्षेत्र हळूहळू सरकतं आणि सुमारे किलोमीटरभर जाडीच्या घट्ट कवचावर ताण आणतं. कवच तुटलं किंवा मऊ पडून सरकलं, की बाहेरच्या चुंबकीय बलरेषाही पिळल्या जातात, तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा एकदम सुटते. सुरुवात कवचातून होते की बाहेरच्या बलरेषांतून, यावर अजून वाद आहे. मला दोन्ही एकमेकांत गुंतलेले वाटतात.

उत्तम उदाहरण धनू राशीतल्या एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारचं. २७ डिसेंबर २००४ रोजी जेमतेम ०.२ सेकंदांचा गॅमा किरणांचा झोत आला. खूप दुरून येऊनही त्याने पृथ्वीचं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हलवलं. नंतर सहा मिनिटं उतरता प्रकाश, दर ७.५६ सेकंदांनी कमी-जास्त होणारा. तो ताऱ्याचा फिरण्याचा काळ: चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला तप्त इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन गोळा ताऱ्यासोबत फिरत होता. त्याच प्रकाशात सुमारे ९२ हर्ट्झची थरथरही सापडली, बहुधा हादरलेल्या कवचाची.