आरसीए सीटी-१०० दुरुस्त करायचा म्हटलं की जो तो एड रायटन यांचं नाव का घेतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका जुन्या घराचं सामान आवरताना तुम्हाला १९५४ चा आरसीए सीटी-१०० रंगीत टीव्ही मिळतोय. चौकशी केली की दिवंगत एड रायटन यांचं नाव पुढे येतं. ते कोण होते, आणि तुमच्या टीव्हीशी त्यांचा संबंध काय?

आधी एक गोष्ट: टीव्ही घरी आला की प्लग लावून 'बघू तरी लागतो का' हा मोह टाळा. कारण पुढे येईलच.

रायटन हे अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रंगीत टीव्हीचे इतिहासकार. त्यांचं नाव सर्वाधिक घेतलं जातं ते एका टेपमुळे. १७ ऑक्टोबर १९५८ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअरचा तासाभराचा नृत्याचा कार्यक्रम झाला. रंगीत व्हिडिओटेपवर आधी ध्वनिचित्रमुद्रित करून दाखवलेला हा पहिला मोठा कार्यक्रम. ती दोन इंच रुंदीची मूळ टेप रायटन, डॉन केंट आणि डॅन आइनस्टाइन या तिघांनी पुन्हा वाचनीय केली. टेप जिथे खराब झाली होती तिथे किनेस्कोपमधले, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेल्या नकलेतले, तुकडे बसवले. १९८८ मध्ये या कामाला तांत्रिक एमी हा टीव्ही क्षेत्रातला पुरस्कार मिळाला.

हे अवघड का होतं ते आकड्यांत सांगतो. एनटीएससी या अमेरिकन रंगीत प्रक्षेपण पद्धतीत रंगाची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीच्या कलेत, म्हणजे फेजमध्ये, असते. त्या लहरीची एक फेरी सुमारे २७९ नॅनोसेकंदांची. फेज ५ अंशांनी सरकली तर माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदललेला जाणवू लागतो, आणि ५ अंश म्हणजे जेमतेम ४ नॅनोसेकंद. इकडे टेप सेकंदाला १५ इंच सरकणार, तिच्यावर चार हेडांचं चाक मिनिटाला १४,४०० फेरे मारणार. यांत्रिक थरथर यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून रंगाचा भाग वेगळा काढून, स्थिर केलेल्या उपवाहकावर पुन्हा बसवावा लागे, आणि १९५८ मधली त्याची रीत पुढच्या काळातल्या यंत्रांशी जुळत नव्हती. टेप बरीचशी सुखरूप, पण ती वाचणारं यंत्रच उरलेलं नाही, अशी गत. ती जुनी रीत सर्किटच्या पातळीवर समजून घेतल्याशिवाय रंग हाती लागणार नव्हता.

माझ्या मते रायटन यांचं खरं योगदान हेच. या विषयाचा इतिहास नुसत्या कागदांवरून लिहिता येत नाही, यंत्र चालवून बघावं लागतं. १९५४ ते ५७ मधले बरेचसे रंगीत कार्यक्रम आज उरलेत ते कृष्णधवल किनेस्कोपवर. त्यावरून नाच कळतो, पोशाखाचा रंग कळत नाही. तारखा मात्र कागदावर पक्क्या सापडतात: एफसीसी या अमेरिकन नियामक संस्थेची या रंगीत पद्धतीला मंजुरी १७ डिसेंबर १९५३, पॅसाडिनाच्या रोझ परेडचं देशभर रंगीत प्रक्षेपण १ जानेवारी १९५४, इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या कारखान्यात सीटी-१०० चं उत्पादन सुरू २५ मार्च १९५४. किंमत १,००० डॉलर, काही महिन्यांतच ४९५.

आता तुमचा टीव्ही. रायटन यांच्याशी त्याचा संबंध हाच: तोही चालता केल्याशिवाय कळणार नाही. त्यातली १५जीपी२२ ही पिक्चर ट्यूब म्हणजेच टीव्ही. बाकी बहुतेक सगळं बदलता येतं. ट्यूब १५ इंची, पण दिसणारं चित्र साधारण साडेअकरा इंच रुंद. आत सपाट शॅडो मास्क, म्हणजे भोकांची धातूची जाळी, आणि सपाट काचपट्टीवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचे १,९५,००० त्रिकूट, म्हणजे ५,८५,००० ठिपके. पुढची काच आणि मागचा शंकू यांच्यामध्ये धातूची वेल्ड केलेली कडा आहे, आणि दुखणं तिथेच. काच-धातूच्या सांध्यातून वर्षानुवर्षं हवा झिरपते. म्हणून पहिली तपासणी वीज न लावता: मागचं झाकण काढून गेटरचा, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा, काचेवरचा डाग बघा. चकचकीत चांदीसारखा किंवा काळपट असेल तर आशा आहे. दुधाळ पांढरा झाला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरली. अशा ट्यूबचा हीटर पेटवून काही साधत नाही, उलट तो ऑक्सिडाइझ होऊन जळू शकतो, आणि पुढेमागे ट्यूब पुन्हा बांधून घेण्याच्या कामात एक भर पडते. पिनांवर मल्टिमीटर लावून हीटरची कंटिन्यूटी बघा, मग ट्यूब टेस्टरवर ६.३ व्होल्ट देऊन तिन्ही रंगांच्या इलेक्ट्रॉन गनचं एमिशन, म्हणजे त्या किती इलेक्ट्रॉन सोडतात ते. धातूच्या कडेला धरून ट्यूब उचलू नका आणि संरक्षक चष्म्याशिवाय जवळ जाऊ नका.

ट्यूब जिवंत निघाली तर चासीकडे, म्हणजे आतल्या सर्किटच्या सांगाड्याकडे, वळा. कागदी कपॅसिटर सगळे बदला, 'हा बरा दिसतोय' असा एकही ठेवू नका. सत्तर वर्षांत ते गळके होतात, आणि एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा कपलिंगचा कपॅसिटर गळला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जाऊन तो लाल होतो. ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर त्याच मूल्याचे लावा. इलेक्ट्रोलिटिकचे डबे तसेच ठेवून आत नवे बसवता येतात, म्हणजे मूळ रूपही राहतं. मोठ्या मूल्याचे कार्बन रेझिस्टर हमखास वर सरकलेले असतात. एक टोक सोडवून मोजा, २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर काढा. ईएचटी (पिक्चर ट्यूबचं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) आणि कन्व्हर्जन्स (तिन्ही किरण एकाच जागी जुळवणं) यांच्या व्होल्टेज विभाजकातले रेझिस्टर तर आधी बघा.

पहिल्यांदा वीज देताना मेनच्या सिरीजमध्ये बल्ब लावा. तीन डझनांच्या आसपास व्हॉल्व्ह असलेल्या टीव्हीला १०० वॅटचा बल्ब पुरत नाही, तो नुसता भगभगीत पेटून राहतो. २०० ते ३०० वॅटचा घ्या. टीव्ही ११७ व्होल्टच्या हिशेबाने बांधलेला आहे आणि तुमच्याकडे भिंतीत १२० ते १२५ येतात, तेव्हा व्होल्टेज थोडं उतरवणारा ट्रान्सफॉर्मर कायमचा ठेवावा.

आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला एलओटी म्हणतात तो लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे किरण आडवा फिरवणाऱ्या भागाचा ट्रान्सफॉर्मर, सर्वात जपायचा, कारण तो नवा मिळत नाही. त्या भागाचा ऑसिलेटर बंद पडला किंवा त्याचा सिग्नल पुढे पोहोचेनासा झाला की आउटपुट व्हॉल्व्हचा बायस जातो, प्लेट लाल होते आणि काही मिनिटांत ट्रान्सफॉर्मर जळतो. त्या व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला. त्यावर २ व्होल्ट दिसले तर करंट २०० मिलिअँपिअर. सर्व्हिसच्या पत्रकातल्या मर्यादेपेक्षा वर जाऊ लागला की तत्क्षणी बंद. ट्यूबच्या अॅनोडला सुमारे २० किलोव्होल्ट लागतात आणि ६बीडी४ हा शंट रेग्युलेटर ते स्थिर ठेवतो. ईएचटीच्या पिंजऱ्याचं झाकण उघडं ठेवून टीव्ही चालवू नका. शॉकची भीती आहेच, शिवाय रेग्युलेटरमधून क्ष-किरणही निघू शकतात.

चित्र आल्यावर अर्धा तास तापू द्या. मग डीगॉसिंग, म्हणजे मास्कमधलं चुंबकत्व घालवणं: त्यासाठीची कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत दोन-तीन मीटर मागे जा आणि तिथे बंद करा. जवळ असतानाच बंद केली तर मास्क आणखी चुंबकित होतो. ही चूक नेहमीची. हिरवा आणि निळा बंद करून नुसता लाल पडदा ठेवा, योक (ट्यूबच्या मानेवरचं किरण वळवणारं वेटोळं) मागे ओढा, प्युरिटीने (प्रत्येक किरण आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पाडणाऱ्या जुळणीने) लाल डाग मध्यावर आणा, मग योक पुढे सरकवत कडांपर्यंत लाल करा. त्यानंतर ठिपक्यांच्या पॅटर्नवर कन्व्हर्जन्स. या ट्यूबमध्ये ते स्थिरविद्युतने होतं, नंतरच्या ट्यूबसारखं चुंबकाने नाही. मास्क सपाट असल्यामुळे कोपरे मध्यापेक्षा दूर पडतात आणि तिन्ही किरण तिथे पोहोचण्याआधीच एकमेकांना छेदतात, म्हणून कन्व्हर्जन्सच्या इलेक्ट्रोडच्या काही हजार व्होल्टवर पॅराबोलाच्या आकाराचं व्होल्टेज चढवलेलं असतं. मोजायला हाय व्होल्टेज प्रोबच घ्या, साधा मीटर जळेल. मध्य जुळला आणि कडा फाटलेल्या दिसल्या तर पॅराबोला बघा. सगळं एकदम सरकत असेल तर विभाजकातला रेझिस्टर. कन्व्हर्जन्स झालं की प्युरिटी पुन्हा तपासावी लागते. एका फेरीत जमलं असं सहसा होत नाही.

आणि रंग. १९५४ चा हिरवा हा विलेमाइटचा, म्हणजे मँगनीज घातलेल्या झिंक ऑर्थोसिलिकेटचा. गडद, खरा एनटीएससी हिरवा, पण मंद, आणि हलणाऱ्या वस्तूमागे किंचित शेपूट सोडणारा. पुढे पडदे उजळ करण्यासाठी फॉस्फर बदलले आणि तो हिरवा गेला. तुमच्या फोनच्या पडद्यावर तो दाखवताच येत नाही, म्हणून या टीव्हीच्या फोटोंवरून मत बनवू नका. रंग फिका वाटला म्हणून कॉन्ट्रास्ट ताणू नका, खोलीतला दिवा घालवा.

सिग्नलचं सोपं आहे. मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं, तेव्हा चॅनेल ३ किंवा ४ वर देणारा मॉड्युलेटर घ्या आणि ७५ ओहमच्या केबलला ३०० ओहमच्या जोडणीशी जुळवणारा बॅलन लावून मागच्या दोन स्क्रूंना जोडा. सीटी-१०० रंगाचा आय सिग्नल (एनटीएससीतल्या दोन रंग-सिग्नलांपैकी जास्त बारकावे असलेला) पूर्ण दीड मेगाहर्ट्झपर्यंत सोडवतो, ही चैन नंतरच्या टीव्हींनी सोडून दिली. पण ती दिसायला स्रोतही तितका चांगला हवा. भारतातून आणलेल्या डीव्हीडी पाल या तिकडच्या पद्धतीच्या असतील तर प्लेअरच्या मेनूत आउटपुट एनटीएससी आहे ना ते आधी बघा, नाहीतर चित्र फिरत राहील आणि तुम्ही उगाच व्हर्टिकल होल्ड पिळत बसाल.